रिकाम्या तोंडाची चव

थुंकून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ही चहा चाखायची खोली नाही, लेकीचं घर आहे, आणि उजव्या हाताला उभी आहे ती पिकदाणी नसून कुंडी आहे. कुंडीत नुकतंच लावलेलं, अजून बावरलेलं रोप होतं, आणि त्याच्या पानांवरून तांबूस थेंब ओघळत होते. तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. हसून, तोंड पुसून, वय झालं म्हणून सांगता आलं असतं. पण तोंड रिकामं झालं की निकाल द्यायचा, ही त्याच्या अंगात मुरलेली पुढची पायरी, आणि ती तो भानावर यायच्या आतच तोंडातून बाहेर पडली होती. ‘पाणी फार उकळलंय. पत्ती जुनी. पुढचा.’ जावई जोरात हसला. म्हणाला, ‘बाबा, पास की नापास ते तरी सांगा.’ बायको खिडकीबाहेर बघायला लागली. लेक हसली नाही. तिने त्याच्या हातातून कप काढून घेतला, ओट्याशी गेली, उरलेली अख्खी किटली मोरीत ओतली आणि नळ सोडला. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मग मागे न वळताच ती म्हणाली, ‘बाबा, एक कप अख्खा प्यायची तयारी होईल तेव्हा या. तोवर येऊ नका.’ तो म्हणाला, ‘अगं, सवय आहे ती, चिमणे.’ तर ती म्हणाली, ‘माहितेय. त्या सवयीच्याच घरात वाढले मी.’

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बायको बसली, तिच्या शेजारी तो, आणि दोघांच्या मध्ये त्याचा संताप, ऐसपैस. संताप आधी जावयावर होता, कारण तो सर्वांत सोयीचा. पास की नापास विचारणारा हा कोण लागून गेला? ज्याला साखरेचा पाक आणि चहा यांतला फरक रंगावरून ओळखावा लागतो, त्याने आपल्याला हसावं? शिंपी कुणाच्याही घरी गेला तरी पाहुण्याच्या कोटाची शिवण बघतोच. दातांचा डॉक्टर हसणाऱ्याचे दात बघतो. त्यांना कोणी घराबाहेर काढत नाही. आणि आपण काय केलं, तर ज्या जिभेवर हे घर उभं राहिलं त्या जिभेने आपलं काम केलं. एवढी वर्षं रोज सकाळी लांबच्या लांब टेबलावर मांडलेले पांढरे कप, एकामागून एक, चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, क्षणभर धरायचा आणि थुंकायचा. एक थेंब घशाखाली जाऊ द्यायचा नाही. गिळलं की जीभ सुस्तावते, पुढच्या कपाशी बेइमानी करते. हे नुसतं कसबाचं काम नाही, हे व्रत आहे, असं तो मानत आला होता, आणि व्रत म्हटलं की ते कामावरून घरी येताना कोटासारखं खुंटीला टांगून येता येत नाही. म्हणून घरीही चहा नाही. गरम पाणी. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, अत्तर नाही, वासाचा साबण नाही. कचेरीतली पोरं पाठीमागे त्याला जीभराव म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडत होतं.

आणि ही? हिला चव कुणी शिकवली? ओट्यावर बसवून, डोळ्यांना आपला रुमाल बांधून, तीन कप पाणी पुढे ठेवायचा तो. एक नळाचं, एक उकळून निववलेलं, एक चिमूटभर साखर घातलेलं. कधी आवाज चढवला नाही, कधी घाई केली नाही. ‘हळू. आधी जिभेच्या टोकाला काय वाटतं ते बघ. मग कडांना विचार. उत्तर आपोआप येतं, आपण ओढायचं नाही.’ आणि ती कपाळाला आठ्या घालून म्हणायची, ‘हे खडूसारखं आहे.’ किती आनंद व्हायचा त्याला. खडूसारखं. मोठमोठ्या लोकांना हा शब्द सापडत नाही. मग एके दिवशी साखरेचा कप तिने तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. त्याने रुमाल सोडला. ‘अगं, गिळायचं नाही ना.’ ‘पण गोड होतं, बाबा.’ ‘गोड असेल तर जास्तच नाही गिळायचं.’ हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं पटलं होतं, की दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने ते सगळ्यांना ऐकवलं होतं. आता बसच्या गचक्याबरोबर ते वाक्य पुन्हा तोंडात आलं, आणि ते ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता, हे आपण पाहिलंच नव्हतं असं त्याच्या ध्यानात आलं. रुमालाची घडी करत होतो आपण. पण त्याचाही त्याला रागच आला. एवढ्या मायेने शिकवलं, त्याचं हे फळ.

शेजारी बायकोचे खांदे हलत होते. आधी त्याला वाटलं, ती रडते आहे. मग दिसलं, ती पदर तोंडाशी धरून हसत होती.

‘हसतेस काय?’

‘“पुढचा” म्हणालात तुम्ही,’ ती म्हणाली. ‘लेकीच्या घरी. आठवडाभर दहा दुकानं पालथी घालून तिने तुमच्यासाठी पत्ती मिसळली होती, आणि तुम्ही म्हणालात, पुढचा.’

‘मिसळण म्हणजे खेळ नाही. मला विचारायचं होतं तिने.’

‘तुम्हाला विचारून केलं असतं तर ते तुमचं झालं असतं ना.’

‘हे बघ, माझ्या शिस्तीने कुणाचं काय वाईट झालं? माझ्यामुळे घरात कोणी उपाशी राहिलं का?’

‘नाही हो. उपाशी कशाला राहू? खालच्या बाईंकडे जेवायचो की आम्ही.’

तिने हे इतक्या सहज सांगितलं, की बस थांब्यावर थांबून पुन्हा सुटेपर्यंत त्याला त्याचा अर्थ लागला नाही. ‘आम्ही म्हणजे कोण?’ ‘मी आणि चिमणी. ती शाळेतून आली की. कांदे आपले, लसूण आपला, शेगडी तेवढी त्यांची. मग तोंडं धुऊन, कपडे बदलून वर यायचो.’ मग तीच पुढे म्हणाली, ‘तुम्ही जिना चढताना रोज नाक मुरडायचात. ही बाई जिभेची गुलाम आहे म्हणायचात. त्यांना मी सांगायचे, तर बिचाऱ्या पोट धरून हसायच्या. त्यांना तर लसूण सोसतसुद्धा नाही.’

आता मात्र संतापाला बसमध्ये जागा पुरेना. फसवणूक. दिवसाढवळ्या, वर्षानुवर्षं, एका मजल्याच्या अंतरावर. ज्या नाकाला शंभर कपांतून एका ओलसर पोत्याचा वास लागायचा, त्या नाकाखाली. जिन्यातल्या त्या वासाने रोज संध्याकाळी त्याच्या मनात एक ठराविक गोष्ट व्हायची, ती त्याला आता अगदी स्पष्ट आठवली. दुसऱ्या वळणावर तो वास यायचा, खमंग, जाड, भिंतीला टेकून उभा असल्यासारखा, आणि तोंडाला पाणी सुटायचं. हो, सुटायचं. मग तो थांबायचा, ते पाणी जिभेखाली दाबून धरायचा आणि खालच्या बाईंच्या बंद दाराकडे बघून मनात म्हणायचा, नाही. आणि त्या नाहीनंतर उरलेल्या पायऱ्या तो कसा चढायचा. ताठ. हलका. जणू अर्धा माणूस तिथेच खाली टाकून उरलेला, चांगला तेवढा अर्धा घेऊन वर चाललो आहोत. दार उघडणाऱ्या बायकोकडे तो किती दयेने बघायचा त्या वेळी. आणि ती नुकतीच तोंड धुऊन, ओल्या चेहऱ्याने उभी. तीही दयेनेच बघत असेल.

घरी आल्यावर ती म्हणाली, ‘पाणी ठेवू गरम?’ ‘ठेव,’ तो म्हणाला. एवढंच संभाषण झालं. पाणी तो प्यायला नाही. पेल्यातली वाफ संपेपर्यंत तो पेल्याकडे बघत बसला, आणि ह्या पेल्यानेसुद्धा आपल्याविरुद्ध काहीतरी केलं आहे, असं त्याला वाटत राहिलं.

सकाळी चाखायच्या खोलीत कप मांडलेले होते. उत्तरेच्या उंच खिडक्यांतून येणारा पांढरा, कुणाचीही बाजू न घेणारा उजेड. प्रत्येक कपामागे त्याची कोरडी पत्ती, झाकणावर ओली पत्ती. कोपऱ्यात लाकडी स्टूल. सुरुवातीआधी त्या स्टुलावर गप्प बसायचं, हा ह्या खोलीचा रिवाज, आणि तो त्याच्या वस्तादाने घालून दिलेला. वस्ताद म्हणजे त्याला हे काम शिकवणारा म्हातारा, जाड भिंगांचा, मोठ्या कानांचा, चिडला की आणखी हळू बोलणारा. पहिल्या दिवशी ह्याने चमचा उचलला तर त्याने मनगट धरलं होतं. ‘थांब रे. आधी स्वतःचं तोंड चाख. रिकामं. रात्रीची झोप, बायकोशी झालेलं भांडण, कालचा माज, सगळं असतं तिथे. ते काय आहे हे कळलं, तरच चहात काय आहे ते कळेल. नाहीतर आपलाच कडूपणा चहाच्या नावावर खपवशील.’ तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. डोळे मिटायचे, जीभ सैल सोडायची आणि जे येईल ते बघायचं. याला कोणी ध्यान म्हटलं की तो नम्रपणे हसायचा, आणि त्या नम्र हसण्याचा त्याला सराव होता.

आज डोळे मिटताच संताप आला. जिभेच्या मुळाशी, तुरट, भरड. उत्तम, त्याच्या मनाने म्हटलं. राग. जुना. पुढचा. आणि तो दचकला. डोळे उघडले, खोली तशीच होती, कप तसेच होते. त्याने पुन्हा डोळे मिटले. म्हणजे इथेही? म्हणजे इतकी वर्षं ह्या स्टुलावर आपण करत काय होतो? वडील गेले त्या सकाळीही तो इथे येऊन बसला होता, हे कचेरीत अजून कौतुकाने सांगतात. त्या सकाळी आत काय झालं होतं? दुःख. अपेक्षित. पुढचा. लेकीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी? आनंद, जरा पातळ. पुढचा. सगळं तोंडापर्यंत आलं होतं, सगळ्याची बारीकशी पारख झाली होती आणि सगळं उजव्या हाताला थुंकून दिलं होतं. याला आपण स्वतःला बघणं म्हणत होतो, आणि स्टुलावर बसून नापास करत सुटलो होतो.

याचा त्याला भयंकर राग आला, पण आता तो कुणावर काढावा हे कळेना. जावई कामाचा नव्हता. बायकोही नव्हती. म्हणून तो तसाच बसून राहिला, आणि पहिल्यांदा ‘पुढचा’ म्हणाला नाही. राग तोंडात राहू दिला. बराच वेळ तो नुसता तुरट होता. मग कडा मऊ पडल्या, आणि त्या तुरटपणाच्या खाली, अगदी तळाशी, त्याला एक चव लागली जी ओळखायला त्याला वेळ लागला, कारण ती इथे असेल असं त्याने कधी धरलंच नव्हतं. गोड. दाट, रेंगाळणारी, टाळूला चिकटणारी गोडी. तीच ती जिन्यातल्या दुसऱ्या वळणावरची. नाही म्हटल्यानंतरची. लोक खातात, आपण खात नाही. लोक वाहवतात, आपण वाहवत नाही. जगातली प्रत्येक चव त्याने थुंकली होती, पण ही एक चव तो रोज संध्याकाळी, कुणी बघत नसताना, घटाघटा गिळत आला होता. तिला कांदा लागत नव्हता, लसूण लागत नव्हता. तिला फक्त दुसऱ्या कुणाचं तरी पान भरलेलं असावं लागत होतं. खालच्या बाईंना तो जे म्हणायचा ते, जिभेचा गुलाम, त्याने स्टुलावर बसल्या बसल्या स्वतःला म्हणून पाहिलं, आणि शब्द अंगाला अगदी बेतून शिवल्यासारखे बसले.

आणि मग वस्ताद आठवला, पण मनगट धरणारा नव्हे. संध्याकाळचा. दिवसभराचं काम संपलं, पोरं कप धुवायला घेऊन गेली, की म्हातारा दुसऱ्या स्टुलावर पाय पसरायचा, दिवसभरातली जी पत्ती मनात भरली असेल तिचा एक मोठा पेला करायला लावायचा, दूध आणि दोन चमचे साखर घालून, आणि तो अख्खा प्यायचा. डोळे अर्धवट मिटून, हूं हूं करत, बिस्किट बुडवून. बिस्किटाचा तुकडा तुटून पेल्यात पडला की चमच्याने शोधून काढायचा. शिष्याला तेव्हा कसंसंच व्हायचं. तो दुसरीकडे बघायचा. एकदा म्हाताऱ्याने विचारलं होतं, ‘तुला देऊ?’ आणि हा म्हणाला होता, ‘नको. मी घेत नाही.’ ‘घेत नाहीस?’ ‘जिभेला बाधतं.’ म्हातारा भिंगांतून त्याच्याकडे बघत राहिला होता. मग म्हणाला होता, ‘बाळा, दिवसभर आपण थुंकतो कशासाठी मग?’ त्याला तो विनोद वाटला होता. चांगल्या माणसाची एक खोड म्हणून त्याने तो पेला वस्तादाला मोठ्या मनाने माफ करून टाकला होता. सकाळचा धडा उचलला होता आणि संध्याकाळचा तिथेच सोडून आला होता. आणि म्हाताऱ्याने पुन्हा कधी विचारलं नाही. का नाही विचारलं? एवढा वस्ताद होता, तर कान धरून का नाही पाजला? त्या मेलेल्या माणसाशी तो तिथे बसून मनातल्या मनात कडाकडा भांडला, आणि भांडता भांडता त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

कप त्याने सगळे चाखले. नीट चाखले, नेहमीपेक्षाही नीट, आणि नेहमीसारखे थुंकले. कामावर राग नव्हता. काम काही वाईट नव्हतं. संध्याकाळी तो घराच्या बसमध्ये न बसता लेकीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसला.

दार जावयाने उघडलं. म्हणाला, ‘बाबा, कुंडी आत नेऊन ठेवू का?’ ‘राहू द्या,’ तो म्हणाला. आतून लेकीचा आवाज आला, ‘कोण आहे?’ आणि ती हात पुसत बाहेर आली. तिच्या अंगाला लसणाचा वास येत होता. जिन्यातलाच. त्याने तो टाळला नाही.

‘का आलात?’

‘चहा प्यायला.’

‘कुणाला दाखवायला?’ ती म्हणाली. ‘आईने पाठवलं?’

‘तिला माहीत नाही.’

ती आत गेली. किटलीचा आवाज झाला. तो काल उभा होता, आज खुर्चीत बसला, भिंतीकडे उजवा हात करून. समोर कप आला. ती पलीकडे हाताची घडी घालून बसली, परीक्षकासारखी, आणि ही बसण्याची तऱ्हा आपलीच आहे, हे त्याला दिसलं. त्याने कप उचलण्याआधी डोळे मिटले. रिकामं तोंड. आज तिथे भीती होती, धातूसारखी, पातळ. असू दे, त्याने म्हटलं. मग घोट घेतला.

जिभेने आपलं काम केलं, तिला कोण थांबवणार? टोक, कडा, मूळ. निकाल तयार झाला. मान उजवीकडे वळायला लागली, ती त्याने धरली. घसा बंद होता, अनोळखी माणसाला बघून दार लावून घ्यावं तसा. तोंडात चहा गरम, जावई श्वास रोखून, लेक बघत. आणि मग त्याने तो जाऊ दिला. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. पण चहा गेला, आणि गेल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, घशाच्या मागून काहीतरी हळूच परत वर आलं. तोंडात असताना त्यात जे नव्हतंच असं काहीतरी. जरासं धुरकट, जरासं फुलासारखं, आणि छातीच्या मधोमध एक ऊबदार रेघ खालपर्यंत ओढली गेली. त्याने कप खाली ठेवला आणि तो जाम चिडला.

‘हे असं मागून येतं?’

‘काय?’

‘गिळल्यावर. मागून. हे मला कोणी सांगितलं नाही.’

‘बाबा,’ जावई म्हणाला, ‘हे सगळ्यांनाच माहीत असतं.’

‘मला नव्हतं. एवढी वर्षं मी चहाचे निकाल देतोय, आणि अर्धा चहा मला माहीतच नाही. हा काय प्रकार आहे?’ आणि तो तणतणत दुसरा घोट प्यायला, मग तिसरा. आता तो सावकाश पीत होता. प्रत्येक घोट आधी धरायचा, तोंडभर विचारायचा आणि मग जाऊ द्यायचा. धरणं तर त्याला येतच होतं. लेकीच्या हाताची घडी कधी सुटली ते कळलं नाही. कप रिकामा झाला, तळाशी दोन-चार पानं उरली. ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘कसा झाला होता?’

छान म्हटलं असतं की सगळे सुटले असते. पण ते म्हणणं म्हणजेही ह्याच कुंडीत थुंकणं होतं, फक्त गोड तोंडाने. ती ओट्यावर डोळे बांधून बसायची, तेव्हा तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

‘पाणी फार उकळलंय,’ तो म्हणाला. ‘पत्ती जुनी.’

ती थांबली. त्या शेवटच्या ‘पुढचा’ची वाट बघत थांबली. तो शब्द आला नाही. त्याने कप उचलला आणि तिच्यासमोर धरला. ‘अजून आहे का?’

तिने किटली आणली. कप अर्धा भरला तशी ती ओतायची थांबली.

‘अर्धा काय ओततेस?’ तो रागाने म्हणाला. ‘भर की.’